ठळक अक्षराची कसोटी : ‘मुळशी’ हा शब्द

वाङ्मयाभ्यासात शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ती आणि शैली यांचा जेवढा विचार होतो, तेवढा तो शब्द कोणत्या अक्षरवळणात छापला गेला याचा होत नाही. वृत्तपत्राचा मथळा, नाटकाची जाहिरात, ग्रंथाचे मुखपृष्ठ, रस्त्यावरचा फलक यांतील ठळक अक्षर ही मुद्रकाची बाब होय, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. ठळक अक्षर शब्दाला केवळ मोठे करीत नाही. त्याचा आवाज आणि त्या आवाजाची भाषाही ते ठरवते.

रोमन लिपीत अशा अक्षराचा एक ठसठशीत प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये रूढ झाला. व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या टाईप फाउंड्रीने १८१५ च्या सुमारास ‘अँटिक’ या नावाने दाखवलेल्या खिळ्यांत अक्षरांच्या टोकांवरील नाजूक रेघांच्या जागी जाड, चौकोनी पट्ट्या आल्या. वाढत्या व्यापाराच्या जाहिरातींना दुरून वाचता येईल असे अक्षर हवे होते. ग्रंथासाठी ते घडलेच नव्हते. १८४५ साली आलेल्या ‘क्लॅरेंडन’ने हे वळण सौम्य करून मजकुराच्या ओळीत आणले.

देवनागरीत मात्र हा प्रकार जसाच्या तसा उतरत नाही. रोमन अक्षर पायावर उभे असते, तर देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते. म्हणजे जाड पट्टी येथे मुळातच आहे, आणि ती माथ्यावर आहे. दंडाच्या तळाशी आणखी एक पट्टी बसवली, तर उकार आणि जोडाक्षरे यांची जागा अडते. सोल मातास यांनी आपल्या ‘बिटर’ या जाड पट्टीच्या रोमन टंकाला ‘कडवा’ ही देवनागरी जोड दिली. त्या नावातच एक सूचन आहे. हिंदीत ‘कडवा’ म्हणजे कडू. मराठीत ‘कडवा’ शत्रू असतो किंवा अनुयायी. नाव जसे हिंदीच्या वाटेने आले, तशी अक्षरवळणेही पुष्कळदा त्याच वाटेने येतात.

पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव या दृष्टीने उत्तम कसोटी ठरते. ‘मुळशी’ या शब्दात ‘म’ची गाठ आहे, ‘ळ’ची दोन पोटे आहेत; रेघ जाड होताच ही पोकळी बुजू लागते. खाली उकार आणि वर वेलांटी असल्याने अक्षराला दोन्ही बाजूंनी जागा सोडावी लागते. शिवाय प्रमाण हिंदीच्या लेखनात ‘ळ’ नाही, आणि ‘श’चे मराठी वळण हिंदीहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा पुरस्कार केला. संगणकीय टंकांत मराठी वळणे स्वतंत्रपणे ठेवण्याची सोय असते. परंतु मजकूर मराठी असल्याची सूचना मिळाल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. परिणामी मराठी गावाचे नाव मराठी प्रदेशातच परक्या वळणात उभे राहू शकते.

वाचनात अडथळा येत नसेल, तर एवढ्या फरकाने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. मजकुराच्या बारीक टाईपात फारसे बिघडत नाही, हे मान्य करावे लागेल. ठळक अक्षर मात्र वाचले जाण्याआधी पाहिले जाते. कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखलेली नावे प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली, ती याच कारणाने. तेथे कलावंत एकाच शब्दाचा प्रश्न सोडवीत असे. टंककाराला मात्र कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी येईल, हे धरून चालावे लागते. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या प्रवीण तरडे यांच्या चित्रपटाचे ‘मुळशी पॅटर्न’ हे नाव घेतले, तर ‘पॅ’वरचा अर्धचंद्र आणि ‘र्न’वरचा रफार यांची सोयही त्याच जाड शिरोरेषेवर लावावी लागते.

या प्रश्नाची दुसरी बाजू संशोधनाची आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. अशा लढ्याचा अभ्यासक जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर उतरवून घेतो, तेव्हा मथळा आणि बातमी एकाच मापाच्या अक्षरात त्याच्या वहीत येतात. शब्द टिकतात, पण संपादकाने कोणत्या शब्दावर जोर दिला, कोणती घटना आतल्या पानावर बारीक टाईपात ढकलली, ही साक्ष हरवते. ज्या भूभागात एके काळी जमीन वाचवण्यासाठी माणसे तुरुंगात गेली, तेथे आज जमीन विकण्याचे फलक उभे आहेत. या दोन काळांतील ‘मुळशी’ या शब्दाच्या अर्थांतराचा अभ्यास अक्षराचे माप आणि वजन वगळून पुरा होणार नाही.

प्रत्येक मजकुराची प्रतिकृती छापणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. मथळा किती स्तंभांचा होता, अक्षर खिळ्यांचे होते की हाताने रेखून ठोकळ्यावरून छापलेले, ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे होते, एवढी नोंद प्रबंधाच्या तळटीपेत सहज मावते. पाठचिकित्सेत शब्दाच्या पाठभेदाला जे स्थान आहे, तेच मुद्रित साहित्याच्या अभ्यासात अक्षरभेदाला मिळाले पाहिजे.