लाडवाशी जमेना

गंगापूर रोडला राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचे पाहुणे हल्ली दोन प्रश्न हमखास विचारतात. धरण किती भरले, आणि वाइन कोणती न्यावी? पहिल्याचे उत्तर वर्तमानपत्रात मिळते. दुसऱ्याचे मात्र स्वयंपाकघरात शोधावे, हे आमच्या वहिनींनी गेल्या दिवाळीत दाखवून दिले; आणि त्यांनी तर या पेयाचा थेंबही कधी जिभेवर ठेवलेला नाही.

पुतण्या जर्मनीत असतो. भाऊबीजेला आला तो एक उंच, सडपातळ हिरवी बाटली घेऊन. तिच्यावर ‘रीस्लिंग’ हे द्राक्षाच्या जातीचे नाव आणि खाली ‘ट्रोकन’. ट्रोकन म्हणजे कोरडी. जी पेल्यात ओतायची ती कोरडी कशी, असे कोणीही विचारील. अर्थ इतकाच, की रस आंबताना द्राक्षातली साखर जवळजवळ संपून गेली. लिटरमागे चार ग्रॅम, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर फार तर नऊ. याहून अधिक साखर उरली तर तिकडचा कायदा हा शब्द छापू देत नाही. मोझेल नदीकाठच्या पाटीच्या दगडाच्या उतारांवर ही द्राक्षे थंड हवेत सावकाश पिकतात, म्हणून त्यांचा आंबटपणा टिकतो. आपल्याकडे वेलीला झोप अशी नाहीच. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि तोड जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन चढू लागते तेव्हा. आमच्याच रस्त्याने पुढे १९९९ साली सुरू झालेल्या सुलानेही रीस्लिंग काढली, पण ती किंचित गोडसर आहे.

वहिनींच्या माहेरची दिंडोरीकडची तीन एकर जमीन वडिलांच्या दारूपायी गेली. त्यामुळे बाटली पाहताच त्यांचा चेहरा उतरला. “आई, ही वाइन आहे, दारू नव्हे,” पुतण्या म्हणाला. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हाही हे वाक्य पुष्कळ ऐकले होते. वहिनींनी चष्मा लावून बाटलीवरचा आकडा वाचला. “बारा टक्के. मग कितीला दारू म्हणायचं रे?” याला उत्तर नव्हते, आणि माझ्या मते नाहीच. अखेर त्यांनी अट घातली: जेवणाबरोबर, माणशी एक पेला, आणि जे असेल त्याला त्याच्याच नावाने म्हणायचे.

पुतण्याने पेला फराळाच्या ताटाशेजारी ठेवला. करंजीचा घास, वर घोट, आणि तोंड असे झाले की जणू कच्ची चिंच चावली! गोडामागून आंबट अधिकच आंबट लागते.

“आंबट आहे ना भाऊजी? मग लाडवाशी कसं जमेल? बासुंदीवर कुणी ताक पितं का?” असे म्हणून वहिनींनी फराळ उचलला आणि कढई चढवली. कोथिंबीर वडी तळली, मागून रवा लावलेले पापलेट आले. आता तीच वाइन शहाण्यासारखी वागू लागली. तळणाचा तेलकटपणा ती धुऊन नेई, आणि मिठाने तिची धार बोथट होई. माशावर लिंबू पिळतो ना, तेच काम. जर्मन मंडळीही ती ट्राउट मासा, डुकराचे मांस किंवा वसंतात येणारे शतावरीच्या जातीचे पांढरे कोंब यांच्याबरोबर घेतात. फराळातल्या चकलीशी आणि खारट शेवेशीही तिचे बरे जमले.

आमच्या नाशिकच्या झणझणीत मिसळीशी मात्र तिची गाठ घालू नये. मद्याने तिखटाची आग वाढते. तिथे ताकच हवे.

वहिनींच्या अटीमुळे बाटली निम्मी उरली. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही चव तशीच होती. त्या दिवशी पाटवड्या होत्या. रस्सा वहिनींनी न विचारताच वेगळा, कमी तिखटाचा केला होता.