समिट कॅन्सल, दोस्ती ओके!

सोलापुरात स्वेटर कपाटातून बाहेर येतो, तो फक्त हवा खायला. अशा गावातल्या आम्ही दोघी डिसेंबरात थेट केदारकांठ्याला निघालो! साडेबारा हजार फूट आणि चहूकडे बर्फ. तयारी? ऑफिस सुटल्यावर सिद्धेश्वर तलावाकाठी भराभर चालणं. सॅकमध्ये कडक भाकरी आणि शेंगा चटणी.

सांक्री ते जुडा का तालाब, सगळं झक्कास. वरच्या कॅम्पवर मात्र मैत्रीण जेवेना. ‘दमलेय गं,’ एवढंच म्हणाली. मध्यरात्री उलट्या सुरू! डोकं कालपासून ठणकत होतं. माझी समिट बुडेल म्हणून बोलली नव्हती. खरं सांगू? क्षणभर वाटलं, हिला तंबूत झोपवावं आणि आपण जाऊन यावं.

पण डोंगराचा नियम साधा आहे. उंचीचा त्रास सुरू झाला की आणखी वर जायचं नाही. वाढला तर लगेच खाली. हवा विरळ झाली की जिमवाल्यांनाही तो होतो. गाईडसोबत आम्ही दोघी उतरलो. सांक्रीत तिनं स्वतःहून भाकरी मागितली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आपल्या सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठलं. आम्हाला केदारकांठाही जमला नाही. असू दे! शिखर कुठं पळून जात नाही. तुम्ही जाणार असाल, तर एक दिवस जास्तीचा ठेवा. आणि ‘मला होत नाहीये’ हे जिला बिनधास्त सांगता येईल, अशी मैत्रीण सोबत घ्या. त्याआधी स्वतः तशी व्हा.