हुक्का, फिल्टर आणि आता वेप

१६०४ च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून परतला, तो तंबाखू आणि नक्षीदार चिलीम घेऊनच. हकिमाने हरकत घेतली. बादशहाने थोडे झुरके घेऊन नाद सोडला, पण सरदारांना चटक लागली. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, तरी तंबाखू काही हटली नाही.

तेव्हापासून प्रत्येक पिढीला तंबाखूचा एक ‘निरुपद्रवी’ अवतार मिळत आला आहे. हुक्क्यात पाण्याने धूर धुतला जातो म्हणे. १९५० च्या दशकात फिल्टर आला, मग ‘लाइट’ सिगारेट. २००३ मध्ये चीनच्या होन लिक यांनी ई-सिगारेट, म्हणजेच वेप, बनवली, तीही सिगारेटला पर्याय म्हणून.

पण ती मुलांच्या हाती पडली. अमेरिकेत २०१९ मध्ये हायस्कूलची २७.५ टक्के मुलं वेप ओढत होती. त्याच वयोगटात सिगारेटचं प्रमाण २०११ च्या १५.८ वरून ५.८ टक्क्यांवर आलं होतं, हेही खरं. म्हणून काही जण म्हणतात, वेपने सिगारेट सोडवली. उलट, मुलांचा आणि तरुणांचा काही काळ मागोवा घेणाऱ्या नऊ अभ्यासांच्या २०१७ च्या एकत्रित पाहणीत, वेप ओढून पाहिलेली मुलं पुढे सिगारेटकडे वळण्याची शक्यता न ओढलेल्यांच्या साडेतीन पटींच्या आसपास निघाली. मुळात धाडसी मुलंच दोन्हीकडे वळतात, हा आक्षेप रास्त आहे. तरी कोवळ्या मेंदूला निकोटिनची सवय लागते, ती कशातूनही लागो.

आपल्याकडे तर पर्यायाचा युक्तिवाद टिकतच नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले जेमतेम ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. तंबाखू खाणारे मात्र २४.४ टक्के. आपल्या सुकापूरच्या नववीतल्या मुलाची सिगारेट सोडवायचीच नसते, त्याच्यासाठी वेप ही सुरुवात असते. पेन ड्राइव्हएवढी वस्तू, आंब्या-पुदिन्याचा वास. दप्तरात सापडली तरी आईला कळत नाही. ती संपली की टपरीवर दोरीला लायटर टांगलेला असतो आणि सिगारेट सुटी मिळते.

ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर राज्यात २०२० पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. नवा कायदा नको, आहेत ते पाळले जावेत. सुकापूरच्या पालकांनी पुढच्या पालकसभेत हा विषय काढावा, आणि त्याआधी शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंतचं अंतर स्वतः मोजून यावं.