सुट्टी कोणाची, चाकरी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत एक रंगीत पत्रक हातोहात फिरले. यंदाचा कौटुंबिक मेळावा नाताळच्या आठवड्यात गोव्यातील एका समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये भरवावा, अशी सूचना होती. चार दिवस, तीन रात्री. पत्रकाच्या पाठीमागे 'करण्यासारख्या गोष्टी' अशी यादी छापली होती: पॅराशूटला लटकून आकाशात फेरी, पाण्यावरची स्कूटर, केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसून लाटांवर आपटणे, तरणतलावात उभे राहून शीतपेय, मालीश, रात्री डीजे आणि निरोपाच्या रात्री 'कॅरिबियन नाइट'. मी मोजल्या, चौदा गोष्टी होत्या. त्या चौदांत गोव्यातला माणूस एकदाच दिसला, तोही चित्रात, हातात ट्रे धरलेला.

मी विरोध केला. धर्मगुरूला मौजेचे वावडे असायचेच, असे हसून म्हटले गेले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या बैठकीत एक माता म्हणाली, "फादर, चार दिवस मला चूल पेटवावी लागणार नाही. एवढ्यासाठी तरी जाऊ द्या." बाकीच्या सर्व युक्तिवादांपेक्षा हा युक्तिवाद प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. विश्रांती ही चैन नव्हे. दमूनभागून परतलेल्या प्रेषितांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्या, असे प्रभू येशूनेच सांगितल्याचे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. मात्र त्या एकांताला कुंपण नव्हते. लोक मागोमाग आले आणि प्रभूने त्यांना परत पाठवले नाही. माझी शंका सुट्टीविषयी नाहीच. एकीची चूल चार दिवस विझते तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पेटलेली असते. ती कोणाच्या, हे आपण विचारतो का?

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा करून गोव्यात अशाच एका रिसॉर्टमध्ये नोकरीला लागला. मागल्या नाताळात आपल्याच एका कुटुंबाने त्याला तेथे पाहिले. डोक्यावर सांताक्लॉजची लाल टोपी घालून तो केकच्या टेबलापाशी उभा होता. ओळख दाखवावी की नाही, हे त्यालाही कळेना आणि यांनाही. शेवटी यजमानाने त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली. ही हकीकत मला त्या कुटुंबाने सांगितली आणि कौतुकाने सांगितली. मुलाने नंतर फोनवर एवढेच सांगितले की, मध्यरात्रीच्या मिस्सेची घंटा गावातून ऐकू येत होती. त्याची पाळी सुटली तेव्हा अडीच वाजले होते. त्याची आई रविवारी तिसऱ्या बाकावर बसते. मुलाची काही तक्रार नाही. तक्रार माझी आहे. आपला सण साजरा करायला आपण जेथे जातो, तेथे आपल्याच मुलाला तो सण मिळू नये, ही व्यवस्था आपण पैसे मोजून विकत घेतो.

आता त्या 'कॅरिबियन नाइट'विषयी. कॅरिबियन म्हणजे काय, हे पत्रक छापणाऱ्याला ठाऊक असेल असे वाटत नाही. एकदाच पैसे भरा, मग खाणेपिणे, खेळ, करमणूक सारे आवारातच, ही सुट्टीची रीत 1950 साली भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर 'क्लब मेड'ने रुजवली. पुढे कॅरिबियन बेटांवर ती इतकी फोफावली की ती रीत त्यांचीच वाटावी. सर्व काही आवारात मिळू लागले की पाहुणा फाटकाबाहेर पडत नाही. मग गावातील खानावळीत, होडीवाल्याकडे, भाजीवालीकडे कोण जाणार? जमैकात तर 1956 च्या किनारा कायद्याने सर्वसामान्य माणसाला किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्कच दिलेला नाही. बेटावर जन्मलेल्या माणसाला बेटाचा समुद्र मिळावा म्हणून तेथे आजही चळवळ करावी लागते. अँटिग्वा बेटावर जन्मलेल्या जमैका किंकेड या लेखिकेने 1988 साली 'अ स्मॉल प्लेस' नावाचे लहानसे, संतप्त पुस्तक लिहिले. त्यात ती पर्यटकाला बजावते की, येथील माणसालाही तुझ्यासारखे कोठेतरी निघून जावेसे वाटते, परंतु त्याच्या गरिबीला ते परवडत नाही. हे सारे विसरून आपण डोक्याला गवती टोपी चढवणार आणि त्याला कॅरिबियन रात्र म्हणणार!

कोणी म्हणेल, जमैका दूर आहे, येथे काय त्याचे? गोव्याचेच उदाहरण घ्या. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर एका मोठ्या हॉटेलसाठी शासनाने जमीन संपादित केली. किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट अडवायची नाही, अशी त्या वेळी अट होती. तरीही वाटेच्या आड बांधकाम उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 20 जानेवारी 2009 रोजी निकाल लोकांच्या बाजूने लागला: वाट मोकळी करा, आड येणारे बांधकाम पाडा. मग काय झाले? त्याच वर्षी राज्य शासनाने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि बांधकाम वाचले. ती दुरुस्ती पुढे न्यायालयातही टिकली. कायद्याने जिंकलेली वाट कायद्यानेच गेली.

गोव्याचे लोक या बाबतीत झोपलेले नव्हते. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. चार्टर विमानांनी येणाऱ्या पर्यटनाविरुद्ध 1987 साली 'जागृत गोंयकारांची फौज' उभी राहिली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गरम्य जागा खाजगी मालकीत जाऊन सामान्यांना पारख्या होतात, याकडे बोट दाखवले. ते परिपत्रक आपण प्रवचनात वाचले, पुस्तिका वाटल्या आणि तीच मंडळी आता कुंपणाच्या आतल्या बाजूने नोंदणी करायला निघाली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी बैठकीत कोणी उच्चारली नाही. वर्गणीचा आकडा जाहीर झाल्यावर सहा कुटुंबांनी 'मुलांची परीक्षा आहे' असे कारण देऊन नाव कमी केले. नाताळच्या सुट्टीत कसली परीक्षा? मेळावा साऱ्या धर्मग्रामाचा आणि आकडा निम्म्या धर्मग्रामाला पेलणारा. ती कुटुंबे पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आवारात न थांबता थेट घरी गेली, हे मी पाहिले.

तर मग समुद्रावर जाऊ नये काय? अवश्य जावे. मनमाडला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसावे. गावात घरगुती खोल्या मिळतात, तेथे उतरावे. बाणावली-कोलव्याच्या बाजूला पहाटे किनाऱ्यावर जावे. अजूनही काही ठिकाणी रापण ओढली जाते. दोराला हात लावावा. ओढणाऱ्याला मासळीचा वाटा देण्याची तेथे रीत आहे आणि तो वाटा हातात घेताना मुलांना जे कळेल ते केळ्याच्या फुग्यावर कळणार नाही. गावच्या चर्चमध्ये कोंकणी मिस्सेला बसावे. जूनमध्ये जाणे झाले तर आणखी उत्तम: 24 तारखेच्या सांजांवला डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या घेणारे तरुण पाहावेत आणि 29 तारखेला, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला, होड्या एकमेकींना बांधून पाण्यावर उभारलेला सांगड पाहावा. मासेमारी त्या महिन्यांत बंद असते, होड्या रिकाम्या असतात, म्हणूनच त्यांचे रंगपीठ होऊ शकते. यांतील कशालाही तिकीट नाही.

आणि हे लोक आपल्याला अनोळखी तरी कोठे आहेत? दर फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला गोव्याहून, वसईहून माणसे येतात. त्यांतल्या कित्येकांना आपण घरात पथारी पसरून देतो, सकाळी पहिला चहा त्यांना देतो. त्यांच्या गावी जाताना मात्र आपल्याला फाटक आणि पहारेकरी लागतो.

राहिला प्रश्न त्या मातेच्या चुलीचा. त्याचे उत्तर मी आता लेखी दिले आहे. चार दिवसांपैकी दोन जेवणे गावातील खानावळीत; उरलेल्या जेवणांचा स्वयंपाक पुरुषांनी आळीपाळीने करावा, भांडीही त्यांनीच घासावीत आणि पहिल्या दिवशीचा रस्सा मी करीन. मंडळाच्या सूचनाफलकावर हा कागद लावून तीन आठवडे झाले. त्याखाली आजवर माझी धरून चार सह्या आहेत. त्यांतील दोन त्या सहा कुटुंबांतल्या आहेत.