जिद्द पुरे, रिस्पॉन्स शीट दाखव

डिसेंबर संपता संपता कॅटचा निकाल लागतो आणि जानेवारीभर आमच्या हिंजवडीच्या कँटीनमध्ये एकच प्रश्न फिरत असतो. "परत देऊ का?" विचारणारा साधारण २४-२५ वर्षांचा, कुठल्या तरी प्रोजेक्टवर दीड-दोन वर्षं घासलेला, आणि पर्सेंटाईल ९२ ते ९७ च्या मध्ये कुठेतरी. म्हणजे धड वाईट नाही आणि धड कामाचाही नाही. त्यावर टेबलावरचे बाकीचे एकसुरात सांगतात, "दे की बिनधास्त! जिद्द सोडायची नाही."

माझं भांडण आहे ते या उत्तराशी. कॅट परत देण्याशी नाही.

आपल्याकडे जिद्दीचं फार कौतुक. तिसऱ्या प्रयत्नात ज्याला कॉल आला त्याचा क्लासवाले चौकात फ्लेक्स लावतात. तिसऱ्या प्रयत्नातही ज्याचा ९४ चा ९३ झाला त्याचा फ्लेक्स तुम्ही कधी पाहिलाय का? तो बिचारा गुपचूप पुढच्या रिलीजच्या कामाला लागलेला असतो. मग आपण फ्लेक्स मोजतो आणि म्हणतो, बघा, प्रयत्न केला की होतं! त्यात कॅटला वयाची अट नाही आणि किती वेळा द्यायची याला मर्यादाही नाही. युपीएससीला खुल्या गटात निदान ६ प्रयत्नांनंतर सरकारच हात धरून बाहेर काढतं. इथे बाहेर काढणारं कोणी नाही, आपलं आपणच उठायचं.

आता जरा आकडे. परीक्षेला साधारण ३ लाख मुलं बसतात. ९४ पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या पुढे १८,००० जण. ९९ म्हणजे पुढे ३,०००. मधल्या १५,००० लोकांना ओलांडायचंय, आणि त्यातले कितीतरी जण तुमच्यासारखेच जानेवारीत जिद्दीला पेटलेले आहेत! "मी यंदा जास्त अभ्यास करीन" हे सगळ्यांचंच म्हणणं असेल तर पर्सेंटाईल कुणाचाच हलत नाही. तो तुमचा मार्क नसतो, रांगेतला नंबर असतो.

पण याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे आणि ती कोणी सांगत नाही. अलीकडच्या वर्षांत ९९ पर्सेंटाईलला एकूण गुणांच्या निम्मेसुद्धा लागलेले नाहीत. म्हणजे सगळं यायला हवं असं अजिबात नाही. काय सोडून द्यायचं हे कळायला हवं. आणि ते कळायला वर्षभराचा नवा कोर्स लागत नाही, मागच्या पेपरचं शवविच्छेदन लागतं.

आपल्या धंद्यात एखादी टेस्ट फेल झाली की आपण काय करतो? (खरं सांगायचं तर आधी एकदा तशीच परत चालवून बघतो. पण ते सोडा.) शहाणा माणूस आधी लॉग उघडतो. कॅटचा लॉग आयता मिळतो. परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत उत्तरसूची येते आणि प्रत्येकाची रिस्पॉन्स शीट उतरवून घेता येते, कुठल्या प्रश्नाला काय टिचकी मारली त्याची अख्खी नोंद. पण "परत देऊ का" विचारणाऱ्या दहापैकी आठांनी एकूण गुण मोजून ती मिटून टाकलेली असते. आपलंच प्रेत कोण उघडून बघणार!

माझ्या टीममधल्या एकाची शीट मी गेल्या महिन्यात एका शनिवारी त्याच्याबरोबर बसून बघितली. पोरगा लातूरकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित पक्कं. पर्सेंटाईल ९४ च्या घरात. त्याचं म्हणणं, "दादा, क्वांट अजून पक्कं करतो. नोकरी सोडतो आणि दहा महिने फक्त क्वांट आणि डीआय."

शीट भलतंच सांगत होती. इंग्रजीच्या विभागात २४ प्रश्न, ४० मिनिटं. याने २४ च्या २४ सोडवलेले. बरोबर १०. चार उतारे होते, त्यातले दोन नीट वाचून सोडवले तिथे ८ पैकी ६ बरोबर. उरलेले दोन उतारे वरवर चाळून टिचक्या मारल्या तिथे ८ पैकी १ बरोबर! बरोबर उत्तराला ३, चुकलेल्या बहुपर्यायीला उणे १. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर सरासरी शून्य पडते. याने अर्धवट वाचून उणे ४ कमावले होते. अर्धवट वाचणाऱ्यासाठीच तर सापळ्याचे पर्याय लावलेले असतात. म्हणजे मटका खेळला असता तर परवडलं असतं.

आता या पोराने नोकरी सोडून दहा महिने क्वांट घोटून काय मिळवलं असतं? जे येतं तेच अजून थोडं लवकर आलं असतं. त्याला गरज होती ती रोज ४० मिनिटं सलग इंग्रजी वाचायची. अर्थशास्त्र, इतिहास, कलासमीक्षा, जे वाचताना कंटाळा येतो तेच. ते नोकरी सांभाळून होतं. किंबहुना नोकरी सांभाळूनच होतं, कारण घरी बसलेला माणूस आठ तास अभ्यास करतोय असं आई-वडिलांना दाखवण्यात सहा तास घालवतो.

नोकरी सोडण्याचा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. दोन तासांच्या परीक्षेसाठी वर्षाचा पगार, पीएफ आणि अनुभवाचे महिने सोडायचे. बरं, मुलाखतीत पहिला प्रश्न काय येणार? "गेलं वर्षभर काय केलंत?" "कॅटचा अभ्यास केला" हे उत्तर त्या टेबलावर फार केविलवाणं वाटतं हो. अहमदाबादच्या दोन वर्षांची फी आज २५ लाखांच्या आसपास आहे. २००८ मध्ये ती ११.५ लाख झाली तेव्हा केवढा गहजब झाला होता. त्या कर्जाच्या ओझ्यात हे बिनपगाराचं वर्ष मिळवा आणि मग जिद्दीच्या गोष्टी करा.

आणखी एक गोष्ट शीटमध्येही दिसत नाही. तुमचे दहावी-बारावीचे गुण. अहमदाबाद, बंगलोर ही मंडळी कॉल ठरवताना तेही धरतात. बारावीला ६८ टक्के असतील तर ते कितीही वेळा कॅट दिली तरी ६८ च राहणार. काही आयआयएम मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना जादा गुण देतात. तेही तुमच्या हातात नाही, आणि त्यावर कँटीनमध्ये चिडून काही उपयोग नाही. तेव्हा ज्या संस्थेसाठी परत द्यायची तिचं निवडीचं सूत्र तिच्याच साईटवरून काढायचं आणि त्यात पर्सेंटाईल ९९.५ टाकून बघायचं. तरीही गाडी अडत असेल तर अडचण परीक्षेची नाहीच. मग संस्थांची यादी बदला. जीमॅट बघा, तिचा स्कोअर ५ वर्षं चालतो, आणि बिघडली तर १६ दिवसांनी परत देता येते. कॅटचा वर्षातून एकच रविवार असल्यामुळे आपण तिची जत्रा करून ठेवलीये.

इथे कोणीतरी म्हणेल, "तुमचं ठीक आहे हो, आमचा सपोर्टचा प्रोजेक्ट, रात्रपाळी, त्यात वाकडच्या पुलावर रोज तास जातो. वाचायचं कधी?" मान्य. पण मग खरा प्रश्न प्रोजेक्टचा आहे ना? मॅनेजरकडे बदली मागा, दुसरी कंपनी बघा. कॅट परत द्यायची म्हणणाऱ्या निम्म्यांना (हा माझा अंदाज, आकडा म्हणून वापरू नका) एमबीए नकोच असतं, आहे त्यातून सुटका हवी असते. आणि सुटका म्हटलं की आपल्याला प्रवेशपरीक्षाच आठवते, कारण दहावीपासून आपण दुसरं दार पाहिलेलंच नाही. त्यांना एक साधा प्रश्न विचारून बघा, मार्केटिंग करायचंय की फायनान्स? "ते आत गेल्यावर ठरवू." २५ लाख देऊन आत गेल्यावर ठरवणार!

आणि हे सगळं जानेवारीतच का ठरवायचं? फॉर्म ऑगस्टमध्ये निघतो, सप्टेंबरमध्ये बंद होतो, परीक्षा नोव्हेंबरअखेर. म्हणजे हातात सात महिने आहेत. जानेवारीची घाई ही क्लासची घाई आहे. त्यांची रिपीटर बॅच आत्ता भरायची असते, म्हणून ३१ तारखेपर्यंत सवलत. सात महिने रोज वाचा, महिन्याला एक मॉक द्या, आणि ऑगस्टमध्ये बघा की उताऱ्यांमधले बरोबर वाढलेत का. वाढले असतील तर खुशाल भरा फॉर्म, तिसऱ्यांदा असो नाहीतर चौथ्यांदा. नसतील तर फॉर्मचे पैसे वाचले.

लातूरकराने नोकरी सोडलेली नाही, निदान अजून तरी. वडिलांना फोनवर सांगताना त्याला जड गेलं, कारण गावात "पोरगा पुण्यात आयआयएमचा अभ्यास करतोय" असं सांगून झालं होतं. क्लासवाल्यांचा त्याला परवा पुन्हा फोन आला म्हणे. सवलत १५ फेब्रुवारीपर्यंत वाढवलीये.