आधी फांद्या मोजा, मग यंत्र घ्या



या खेपेस आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी बाजूला काढून ठेवले. ते दिंडोरी तालुक्यातल्या एका भगिनीचे आहे. त्या लिहितात, "साहेब, माझा मुलगा व त्याचे दोन मित्र झाडे छाटण्याची कामे घेतात. द्राक्षबागेची छाटणी, आंब्याच्या फांद्या उतरवणे, घरावर आलेली झाडे कमी करणे, अशी कामे असतात. छाटलेला पाला-फांद्या उचलायला फार वेळ जातो, म्हणून तो फांद्यांचा चुरा करणारे यंत्र घ्यायचे म्हणतो. दोन एकर तारण ठेवावे लागेल. मला त्यातले काही कळत नाही. घेऊ द्यावे का?"

ताई, तुम्ही म्हणता कळत नाही, पण प्रश्न अगदी नेमका विचारलात. असे यंत्र घेऊ पाहणारी मुले आता गावोगाव दिसतात, म्हणून उत्तर सर्वांसाठीच लिहितो. मात्र आधी माझ्याच घरची एक चूक सांगतो.

पंधरा-सोळा वर्षे झाली. माझ्या धाकट्या भावाने असेच यंत्र घेतले, आणि तेही माझ्या सल्ल्याने. प्रदर्शनात आम्ही दोघांनी ते चालताना पाहिले होते. ओल्या सुबाभळीच्या सरळ फांद्या आत जात होत्या आणि पलीकडून ढलप्यांचा फवारा उडत होता. पाटीवर लिहिले होते, 'सहा इंचांपर्यंत'. आम्ही हरखून गेलो. घरी आणल्यावर त्यात बांधावरची वाळलेली बाभूळ आणि बोरीच्या वाकड्या काटेरी फांद्या घातल्या. आमचा ट्रॅक्टर पंचवीस अश्वशक्तीचा. दोन इंचांची फांदी गेली की इंजिन दबायचे आणि तिसरी घातली की बंद पडायचे. विक्रेता म्हणाला, ट्रॅक्टर लहान आहे. ते खरेच होते, पण विकताना त्याने ते विचारले नव्हते आणि मी कृषी पदवीधर असून मलाही ते सुचले नव्हते. भावजयीच्या पाटल्या मोडून घेतलेले ते यंत्र चार वर्षे ताडपत्रीखाली उभे राहिले आणि शेवटी भंगारात गेले. भावजय मला कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागते.

त्यातून मी एक धडा घेतला, तो हा की यंत्रापासून सुरुवात करू नये, कामापासून करावी.

पहिले काम : फांद्या मोजणे

मुलाला एक वही द्या. महिनाभर जेथे जेथे काम होईल तेथे त्याने लिहावे की झाड कोणते, फांदी ओली की वाळलेली, सरळ की वाकडी, आणि बुंध्याकडे जाडी किती. जाडी दोरीने किंवा टेपने मोजावी, अंदाजाने नको. बहुतेकांच्या वहीत असे दिसेल की शंभरातल्या ऐंशी-नव्वद फांद्या मनगटापेक्षा बारीक आहेत. जाड ओंडके थोडेच असतात आणि त्यांचा चुरा कोणी करू नये. ते सरपणाला जातात, विकले जातात. चार ओंडक्यांसाठी मोठे यंत्र घेणे म्हणजे पाहुणा वर्षातून एकदा येतो म्हणून दुमजली घर बांधण्यासारखे आहे.

जाडीचा हिशेब फसवा असतो. चार इंची फांदीपेक्षा आठ इंची फांदी दुप्पट जाड दिसते, पण कापायचे लाकूड चौपट असते. त्यामुळे यंत्राचे तोंड थोडे वाढले की ताकद बरीच जास्त लागते. शिवाय पाटीवरचा आकडा सरळ व मऊ लाकडाचा असतो. वाकडी, दुबेळक्याची फांदी त्याच तोंडात अडकते. म्हणून रोजचे काम तीन इंचांचे असेल तर यंत्र पाच इंचांचे बघावे, म्हणजे त्याच्यावर रोज जोर पडत नाही.

दुसरे : कोणत्या जातीचे यंत्र

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

एकात जड लोखंडी चाक असते व त्यावर पाती बसवलेली असतात. आपली कडबा कुट्टी डोळ्यांपुढे आणा, त्याचाच हा दणकट भाऊ समजा. सरळ फांद्यांची एकसारखी ढलपी पडते. पाती सोडवून धार लावणेही सोपे असते.

दुसऱ्यात पाती रुळावर बसवलेली असतात. पसरट, डहाळ्यांसकट फांदी ओढून घेण्यात हे चांगले, पण ते जास्त ताकद मागते आणि किमतीलाही जास्त असते.

तिसऱ्यात पात्यांऐवजी हातोडे असतात. ते कापत नाहीत, ठेचतात. ओला पाला, बारीक काडी, वाळका कचरा यांचा भुगा छान होतो. एखादा खडा गेला तरी लगेच धार जाण्याची भीती नाही. मात्र जाड लाकूड हे त्याचे काम नव्हे.

आता ताई, तुमच्या भागातली खरी गोम सांगतो. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन वेळांना काडीचा ढीग पडतो. पण ती काडी बोटाएवढी, लांब आणि चिवट असते, तिच्यात सुतळी व तारेचे तुकडे गुंतलेले असतात. ती गोळा करून यंत्राच्या तोंडात घालण्यात मजुरी जाते आणि तार गेली तर पात्याची धार जाते. तिच्यासाठी ओळीतून चालणारे, जमिनीवरची काडी तेथेच कुटणारे ट्रॅक्टरचे अवजार वेगळे मिळते. आंब्याच्या व रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांसाठी पात्यांचे यंत्र लागते. एकाच यंत्रात दोन्ही कामे होतील असे कोणी सांगितले तर त्याला आधी करून दाखवायला सांगा. नारळाच्या झावळ्यांचेही तसेच आहे, त्यांचा धागा फिरत्या दांड्यावर गुंडाळला जातो.

तिसरे : ट्रॅक्टर आणि वाट

ट्रॅक्टरच्या नावावरची अश्वशक्ती इंजिनची असते, पीटीओवर त्याहून कमी मिळते. पस्तीसच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण तीस धरा. यंत्राच्या पुस्तिकेत पीटीओची किती अश्वशक्ती हवी ते पाहा आणि त्याहून थोडी जास्त हातात ठेवा. फेरेही जुळले पाहिजेत. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो. यंत्र ट्रॅक्टरच्या मागे उचलून न्यायचे असेल तर त्याचे वजन विचारा, नाहीतर चढावर पुढची चाके उचलतात. आणि वाट पाहा. आठ-नऊ फुटांच्या ओळीत जे वळत नाही ते बागेच्या तोंडाशी उभे राहील, मग फांद्या तेथवर वाहून आणायला मजूर लागतीलच.

चौथे : हात सांभाळणारे यंत्र

हा भाग मुलाला वाचून दाखवा आणि त्याच्या मित्रांनाही ऐकवा.

कडबा कुट्टीत हात गमावलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मळणी यंत्रांवरच्या अपघातांचे गांभीर्य इतके होते की १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. फांद्यांचे यंत्र त्या दोहोंपेक्षा कमी नाही. फांदी पकडली की ते इतक्या झटक्याने ओढते की माणसाला हात सोडायलाही वेळ मिळत नाही. डहाळीत बाही अडकली, उपरण्याचा शेव किंवा साडीचा पदर अडकला की माणूसही ओढला जातो.

म्हणून घेताना पाहा. फांद्या घालायचे तोंड लांब हवे, म्हणजे हात पात्यांपर्यंत पोहोचणारच नाही. ओढणारे रूळ असतील तर ते थांबवण्याचा व उलटे फिरवण्याचा दांडा तोंडाशीच, हात सहज जाईल असा हवा. पीटीओच्या दांड्यावर पूर्ण आवरण हवे. यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नका.

वापरताना बारीक तुकडे हाताने किंवा पायाने ढकलू नयेत, लांब काठी घ्यावी. ट्रॅक्टर बंद केला तरी जड चाक बराच वेळ फिरत राहते, ते पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असावेत. सैल कपडे व कडे घालू नये. एकट्याने काम करू नये, आणि मुलाबाळांना जवळ येऊ देऊ नये. विजेच्या तारांजवळची फांदी असेल तर आधी वीज कंपनीला सांगून प्रवाह बंद करून घ्यावा, मगच झाडाला हात लावावा.

पाचवे : वहीतला हिशेब

हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, त्या जागी तुमचे घाला. समजा तासाचे भाडे १,००० रुपये मिळते. त्यातून डिझेल ३५०, दोन माणसांची मजुरी तासाला वाटून २५०, पाती-पट्टा-ग्रीस ७५ आणि ट्रॅक्टरची झीज ७५ गेली. खर्च ७५० झाला, हातात २५० उरले. कर्जाचा वर्षाचा हप्ता समजा ७२,००० आहे. तो फेडायला २८८ तास यंत्र चालले पाहिजे. दिवसभरात जाणे-येणे, जोडणे, फांद्या ओढणे यांतून पाते फिरण्याचे तास चारच मिळतात, म्हणजे ७२ दिवस झाले. बहात्तर दिवस राबल्यावर फक्त हप्ता फिटला, घरात अजून रुपया आलेला नाही.

मग मुलाला विचारा, पावसाळा सोडून तुझी किती दिवसांची कामे पक्की आहेत? शहरातल्या बंगल्यांची कामे मिळतील असे तो म्हणेल, आणि मिळतातही. पण शहराच्या हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून फांद्यांना हात लावण्यापूर्वीही महापालिकेत विचारावे. ग्रामीण भागातही १९६४ पासून झाडे तोडण्यावर कायद्याचे नियमन आहे. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय काम धरू नये.

चुऱ्यालाही मोल आहे. वीटभट्टी, बॉयलर किंवा पांढरा कोळसा करणारे कारखाने जवळ असतील तर आधी भाव विचारून या. बागायतदाराला तो झाडाखाली पसरायला द्या, ओल टिकते आणि तण दबते. मात्र बुंध्याला चिकटवू नये, वीतभर जागा सोडावी, नाहीतर वाळवी व कूज लागते. ताज्या लाकडाचा चुरा मातीत मिसळू नये, तो कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. शेणकाला घालून कुजवला की चांगले खत होते.

एक इशारा आहे. तेल्या रोग आलेल्या डाळिंबाच्या फांद्या यंत्रात घालू नका. त्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना यंत्र झाडून, धुऊन न्यावे. रोग पसरवणारा म्हणून एकदा नाव झाले की पुन्हा कोणी बांधावर उभे करत नाही.

शेवटी : सौदा कसा करावा

विक्रेत्याच्या फांद्या, त्याचा ट्रॅक्टर, त्याचे मैदान, अशी चाचणी पाहून भुलू नका. आम्ही तेच केले. तुमचा ट्रॅक्टर, तुमच्या वाळलेल्या, वाकड्या फांद्या घ्या, आणि सलग एक तास यंत्र चालवायला सांगा. यंत्राची चाचणी मध्य प्रदेशातील बुदनी किंवा हरियाणातील हिसार येथल्यासारख्या सरकारी संस्थेत झाली असेल तर तिचा अहवाल मागा. पाती कोठे मिळतात, बेअरिंग नाशिकच्या दुकानात मिळते की परराज्यातून मागवावे लागते, हे विचारा. सगळ्या पात्यांना सारखीच धार लावावी लागते, एक हलके आणि एक जड झाले की यंत्र हादरते आणि बेअरिंग जाते. हे काम करणारा कारागीर जवळ आहे का ते पाहा. सरकारी अनुदानाची चौकशी तालुका कृषी कार्यालयात जरूर करा, पण अनुदान मिळते म्हणून यंत्र घेऊ नका. यंत्र लागते म्हणून अनुदान घ्या.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. मुलाची हौस मोडू नका, तो काम शोधतो आहे, रिकामा बसलेला नाही. पण जमीन आज तारण ठेवू नका. एक हंगाम यंत्र भाड्याने आणून काम करू द्या, किंवा गटाच्या अवजार बँकेत मिळते का ते पाहा. तिघे मित्र आहेत, तर तिघांनी भांडवल घालावे आणि तसे कागदावर लिहून ठेवावे. एकाच्या आईची जमीन आणि तिघांचा धंदा हे बरोबर नाही. हंगामाअखेर वहीत पक्क्या कामाचे दिवस पुरेसे भरले, तर लहान, हात सांभाळणारे यंत्र घ्या आणि धंदा वाढल्यावर मोठे घ्या. नाही भरले, तर वहीच्या किमतीत दोन एकर वाचले असे समजा.

वही भरली की मला कळवा. यंत्र पाहायला जाल तेव्हा मीही बरोबर येईन. या खेपेस पाटी वाचणार नाही, फांद्या घेऊन येईन.