आठ एकराचा मालक आणि नातवाचं वजन पिवळ्या पट्ट्यात



या पानावर मी फवारणी, पाऊस, कपाशीचा भाव लिहीत असतो. आज घरातलं लिहितो. थोडी लाज वाटते, पण लिहितो, कारण हे माझ्या एकट्याच्या घरातलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात अंगणवाडीत नातवाचं वजन केलं. पोरगं दीड वर्षाचं, वजन साडेआठ किलो. सेविका ताईंनी तक्ता दाखवला. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कमी, लाल म्हणजे धोका. आमचा ठिपका पिवळ्यात. ताई म्हणाल्या, "नाना, तुमच्या घरी असं व्हायला नको होतं." मी काहीच बोललो नाही. आठ एकर जमीन, दावणीला गाय, आणि नातू पिवळ्यात.

त्या रात्री सुनेला आणि घरच्या मंडळीला समोर बसवून बाजाराचा हिशोब काढला. कपाशीचा खर्च मी पैशापैशाने लिहितो, पण बाजाराच्या पिशवीचा हिशोब आयुष्यात कधी लिहिला नव्हता. घरात खाणारे सहा: आम्ही दोघं, मुलगा, सून, चार वर्षांची नात आणि हा धाकटा. आठवड्याला बाजाराला १५०० रुपये. त्यापेक्षा जास्त निघत नाहीत, हातात पैसा असतो तो वेचणीनंतरच.

हिशोब असा निघाला:
- तेल २८०
- साखर, चहा १९०
- भाजी, कांदे, बटाटे ३२०
- डाळी १६०
- शेव, फरसाण, बिस्किटं, पोरांच्या पुड्या २७०
- तिखट, मीठ, मसाला, थोडे शेंगदाणे १३०
- साबण, सोडा १५०

पुन्हा वाचा. डाळीला १६०, शेव-पुड्यांना २७०. पोरगं रडलं की पाच रुपयाची पुडी. शेतातून आलो की खिशातून मीच काढून देत होतो, लाडाने.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. गायीचं दूध सकाळी डेअरीला जात होतं आणि पोराला बशीत चहा मिळत होता. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हे मला ताईंनी तेव्हा सांगितलं. आणि सून, जी अंगावर पाजत होती, ती सगळ्यांत शेवटी जेवत होती. भांड्यात उरेल तेवढं.

हे गरिबीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पैसे कमी होते हे खरं, पण पैसे चुकीच्या खान्यात जात होते हेही खरं. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या १०० पोरांत ३५ पोरं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० पोरांत जवळपास ६९ पोरांच्या अंगात रक्त कमी निघालं. एवढी सगळी काय भूमिहीनांचीच असतील? आपलीबी आहेत त्यात.

पंधराशेतच काय बदललं

पैसे वाढवले नाहीत. खाने बदलले. शेव-पुड्या २७० वरून ६० वर. तेल अर्धा लिटर कमी, २१०. साखर-चहा १४०. डाळी १६० च्या २७० केल्या. अंडी आणली १४, शंभर रुपयांत. शेंगदाणे एक किलो वाढवले, म्हणून तो खाना २३० झाला. लिंबं २० ची. भाजी ३२० आणि साबण १५० तेवढेच. बेरीज मारून बघा, १५०० च होतात. डेअरीला अर्धा लिटर दूध कमी घालतो, त्याचे आठवड्याला सव्वाशे रुपये कमी येतात. तो खर्च मी लपवत नाही, पण तो नातवावरचा खर्च आहे, नुकसान नाही.

अंडी खात नसाल तर शेंगदाणे आहेत. मूठभर शेंगदाण्यात, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, साधारण ७ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात ६. फक्त बारक्या पोराला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. कूट करून भाकरीत, भाजीत घाला.

आणि आमच्याकडची मोठी चूक, डाळीचं पाणी. वरणाचं वरचं पाणी पाजलं की बाया समजतात पोराने डाळ खाल्ली. डाळ राहते खाली पातेल्यात. लहान पोराचं पोट वाटीएवढं, त्यात पाणी भरलं तर जेवण कुठे जाईल? घट्ट वरण, कुस्करलेली भाकरी, वरून चमचाभर तेल किंवा तूप, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. केळीच्या जिल्ह्यात राहतो आपण, एक केळं रोज. खर्च काही नाही, लक्ष पाहिजे.

आता शेताचं बोलू

माझी आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. मी पिकाच्या पैशाचं बोलायला लागलो की ती एकच म्हणायची, "पोटमा काय जास ते देख." तेव्हा शिवारात खरिपात मूग-उडीद आणि त्याच रानात रब्बीला दादर असायची. कपाशीच्या कडेला तुरीचे तास, मधे अंबाडी, बांधावर तांदुळजा, घोळ. बाजारातून मीठ, तेल, गूळ यायचं. मग कपाशी आली ती बांधापासून बांधापर्यंत. तणनाशक आलं, तांदुळजा-घोळ गेली. आता शेतकरी शेतातून रिकाम्या हाताने येतो आणि बाजारातून पिशवी भरून आणतो.

कळण्याची भाकरी आठवा. चार वाटे ज्वारी, एक वाटा काळे उडीद, मीठ घालून दळायचं. आपण तिला आता हॉटेलात भरीताबरोबर खायची वस्तू करून टाकली. ज्वारीच्या प्रथिनात जो घटक कमी पडतो तो उडदात असतो, दोन्ही एकत्र खाल्लं की अंगी लागतं. आपल्या आज्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण दळण बरोबर करत होत्या.

म्हणून गेल्या खरिपात मी आठ एकरातले दहा गुंठे घरासाठी वेगळे काढले. भारी काळी जमीन, कोरडवाहू. जूनमध्ये अर्ध्यात उडीद, अर्ध्यात मूग. सप्टेंबरच्या सुरुवातीला रान मोकळं केलं, महिनाअखेरीस तिथेच दादर पेरली. कडेला भेंडी, गवार, चार वेल, आणि बांधावर शेवग्याची दोन झाडं. मूग-उडदाचं बेवड दादरीला चांगलं, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

निघालं काय? मूग-उडीद मिळून ६० किलो. रोज दीडशे ग्रॅमच्या वर डाळ, वर्षभर. दादर दीड क्विंटल, एका वेळच्या भाकरीला सात महिने. गायीला कडबा वेगळा. डाळीचे आठवड्याचे २७० वाचले, ते दूध-अंड्यात गेले. दुसऱ्या वेळेला रेशनचा गहू-तांदूळ आहेच, माणशी ५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. रेशनला नावं ठेवू नका, पण त्याने पोट भरतं, ताट भरत नाही.

त्याच दहा गुंठ्यांत कपाशी मला सव्वा क्विंटल देते. ७००० चा भाव धरला तर पावणेनऊ हजार. बियाणं, खत, फवारण्या, वेचणी जाऊन हातात चार हजार राहिले तर नशीब. एवढ्या पैशात वर्षाची डाळ येत नाही.

अडचणी आहेत, त्याही सांगतो. मूग तोडणीला पाऊस आला, काही शेंगा काळ्या पडल्या. आणि दादरीला पाखरं. शिवारात एकट्याची दादर असली की सगळ्या गावाची पाखरं त्याच्याकडेच पाहुणी येतात. पहाटे गोफण घेऊन मी आणि मुलगा, पाळी लावून. यंदा म्हणून शेजारच्या चार जणांशी बोललो आहे, पाच जणांनी लागून लागून पेरायची. पाखरंही वाटून घेऊ.

कृषी सहायक आणि विद्यापीठाच्या साहेब लोकांना एक विनंती. तुम्ही शिवारफेरीत एकरी उत्पादन विचारता, खत किती टाकलं विचारता. घरी खायला काय पेरलं, हेही एकदा विचारा. भारी जमिनीला फुले वसुधा, हलक्या जमिनीला फुले अनुराधा असे वाण तुम्हीच दिलेत. त्याचं थोडं बियाणं दहा गुंठेवाल्यालाही मिळू द्या, आणि प्रात्यक्षिक घ्याल तेव्हा घरच्या बाईला पुढे बसवा. ताट तिच्या हातात आहे.

शेतमजूर भावांना दहा गुंठे कुठून, हे मला कळतं. त्यांना मालकाने बांधावरचा शेवगा, अंबाडी तोडू द्यावी, आणि मजुरीतले थोडे पैसे डाळ-दाण्यात द्यावेत. आधी तशी रीत होती.

नातू आता अडीच वर्षांचा व्हायला आला. मागच्या महिन्यात वजन ११ किलो, ठिपका हिरव्यात. फक्त डाळीने झालं असं मी म्हणत नाही. जंताचं औषध दिलं, हात धुणं सुरू झालं, सून आता आमच्याबरोबर जेवायला बसते. पण खर्च तोच आहे, १५००.

जूनला अजून वेळ आहे. बियाणं आणायला जाल तेव्हा कपाशीच्या पाकिटांबरोबर दोन किलो उडीद घ्या. आणि या आठवड्याला बाजाराची पिशवी घरी आली की ओट्यावर रिकामी करून बघा, त्यात पोराचं किती आणि पुडीचं किती. तुमचा आकडा खाली लिहा. माझा मी लिहिला.